पुसदहून आलेलं पार्सल

विश्रांतवाडी, पुणे १५
१२ ऑगस्ट २००१

मा. श्री. हिंमतराव गावंडे यांना,
दत्तप्रसाद निकते याचा नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचूनही आपण ते उघडलंत, त्याबद्दल आभारी आहे. आपल्याला काय म्हणून हाक मारावी हे मला ठरवता आलं नाही, म्हणून पूर्ण नाव लिहिलं. नम्रता घरात आपल्याला अण्णा म्हणते.

घाबरण्यासारखं नाही, हे आधी लिहितो. नम्रताची तब्येत बरी नाही. मागच्या दिवाळीपासून खोकला होता. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं. छातीच्या फोटोत श्वासनळीच्या शेजारी सावली दिसली. आमच्या डॉक्टरांनी टीबी धरून गोळ्या सुरू केल्या. छातीत गाठ म्हटली की आधी टीबीच धरतात. अर्धं वर्ष तिने त्या गोळ्या घेतल्या. जेवण जात नव्हतं, तरी रोज हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत जायची. त्यांच्याकडे अमेरिकेची कामं कमी झाली आहेत, माणसं काढताहेत, अशात रजा घेणारा आधी दिसतो असं ती म्हणायची. गाठ होती तेवढीच राहिली.

जुलैमध्ये मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन करून गाठ काढायची ठरली. छाती उघडली, पण गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती. हात लावला की रक्त थांबेना. सर्जननी तपासायला एक तुकडा घेतला आणि परत बंद केलं.

त्या तुकड्याच्या रिपोर्टप्रमाणे हा कॅन्सर नाही. काखेत, मानेत आपल्याला ज्या ग्रंथी असतात तशीच छातीतली एक ग्रंथी वाढत गेली आहे. का वाढली ते कुणालाच सांगता येत नाही. कॅसलमन असं या आजाराचं नाव आहे. फार थोड्या लोकांना होतो. कॅन्सर नाही एवढं ऐकून माझी आई, मालनबाई, उठली आणि आमच्या शनिवार पेठेतल्या दुकानाच्या आजूबाजूला पेढे वाटून आली. पेढे घेताना समोरचे काका म्हणाले, “काय नाही झालं त्याचे पेढे पहिल्यांदाच खातोय.” आई त्यांच्याशी अजून बोलत नाही.

आता काढता येत नाही म्हणून गाठीवर किरण द्यायचे आहेत. तेही महिन्याभराने, टाके पूर्ण भरल्यावर.

हे पत्र लिहायला नम्रताने सांगितलेलं नाही. मी रजिस्टर्ड करतो म्हटल्यावर म्हणाली, “करा. सही करून घेतील. हेडमास्तर आहेत, टपाल परत करत नाहीत. उत्तराची वाट मात्र बघू नका.”

आमचं लग्न आपल्याला मान्य नव्हतं. शिंप्याच्या घरात मुलगी देणार नाही, असं आपण स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर मला आज काही म्हणायचं नाही. एकदा येऊन तिला भेटून जा, एवढंच म्हणणं आहे. आमच्या घरी नको असेल तर हॉस्पिटलात या. मी त्या वेळी बाहेर थांबेन.

आपला,
दत्तप्रसाद


विश्रांतवाडी, पुणे १५
७ ऑक्टोबर २००१

मा. अण्णासाहेब,
सादर नमस्कार.

मागच्या पत्राची पोच मिळाली. पोचेच्या कार्डावरची सही मी नम्रताला दाखवली. तिने कार्ड उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. नंतर माझ्याकडे दिलं.

किरण सुरू झाले आहेत. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं असतं. पहिल्या दिवशी किरण देत नाहीत, नुसतं मोजमाप घेतात. टेबलावर निजवून, हात डोक्यावर ठेवायला लावून, छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारतात. त्या रेघा शेवटपर्यंत राहाव्या लागतात. तिथे साबण लावायचा नाही, चोळायचं नाही, पावडर नाही. रेघ पुसली तर किरण भलतीकडे पडतील. आमच्या दुकानात मापाच्या रेघा खडूने मारतात, शिवून झालं की झटकल्या की जातात. आईने तसं बोलून दाखवलं. नम्रता म्हणाली, “मला झटकू नका म्हणजे झालं.”

मशीनच्या खोलीत तिच्याबरोबर कुणी थांबत नाही. दार तिजोरीसारखं जाड आहे. बाहेर लहान टीव्हीवर ती दिसते, पण चेहरा दिसत नाही, फक्त वर घेतलेले हात दिसतात. गळ्यात काही चालत नाही. मंगळसूत्र काढून ती माझ्या हातात देते आणि आत जाते. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मशीन तळघरात आहे. बाहेरच्या बाकांवर रोज तीच माणसं असतात, त्यामुळे ओळखी झाल्या आहेत. भवानी पेठेतल्या एक रझियाभाभी आहेत, पन्नाशीच्या. त्यांना छातीचा कॅन्सर आहे. त्यांच्या घरात चार पिढ्या पुण्यातल्याच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नम्रताला विचारलं, “तुला कुठला?”

“मला कॅन्सर नाही.”

“वा! कॅन्सर नाही म्हणतेस आणि रोज माझ्या आधी नंबर लावतेस. मग इथे हवा खायला येतेस होय?”

नम्रता हसली. टाके घातल्यापासून हसताना ती छातीवर हात दाबून धरते. आता दोघी एकमेकींची जागा धरून ठेवतात. भाभींनी माहेर कुठलं विचारलं. नम्रताने पुसद सांगितलं, आणि वडील हेडमास्तर होते हेही सांगितलं. “येऊन गेले का?” असं त्यांनी विचारलं. नम्रता म्हणाली, “लांब आहे हो पुसद.” भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी नंबर कुठपर्यंत आला ते बघायला उठलो.

गिळताना दुखतं, पण ते या उपचारात होतंच, असं डॉक्टर म्हणतात. थंड दूध आणि मऊ भात खाते. आईने तिला पुढून उघडणारी, सैल, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवलेली सुती पोलकी शिवून दिली आहेत, म्हणजे आतून काही टोचणार नाही.

गेल्या मंगळवारी मी पुसदला फोन केला होता. नम्रताच्या योगेशदादांनी घेतला. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “अण्णा झोपले आहेत.” सकाळचे अकरा वाजले होते. दादांचा काही दोष नाही, त्यांना दुसरं काय बोलता आलं असतं. पण मागून आपला आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत होतात. म्हणून परत पत्र लिहितो आहे.

ती रोज हॉस्पिटलात दुपारपर्यंत असते. एस.टी.ने आलात तर स्टँडवर न्यायला येईन. मी नको असेन तर आईला पाठवीन.

आपला,
दत्तप्रसाद


विश्रांतवाडी, पुणे १५
२५ नोव्हेंबर २००१

मा. अण्णासाहेब,
सादर नमस्कार.

चांगली बातमी आहे. किरण पूर्ण झाले. परवा सीटी स्कॅन झाला, त्यात गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. डॉक्टरांनी स्वतः फिल्म उजेडावर धरून मला दाखवली. आधीची आणि आत्ताची, शेजारी शेजारी. अजूनही आटत जाईल म्हणाले.

दिवाळीत तिला तेल-उटणं लावता आलं नाही. छातीवरची आणि पाठीवरची कातडी काळवंडली आहे. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की सुती कापडावर जसा डाग पडतो तशी. तीही हळूहळू निवळेल. आईने नुसती पावलांना तेल लावून ओवाळलं.

भाऊबीजेला तिने पाट मांडला होता. कुणी येईल अशी अपेक्षा नव्हती, असं तीच म्हणाली. मग पाट कशाला, असं मी विचारलं नाही. शेवटी चंद्राला ओवाळलं.

कंपनीने तिला बिनपगारी रजेवर ठेवलं आहे. निरोपाचं पत्र दिलेलं नाही, हे चांगलंच. तिच्या हाताखालची एक मुलगी येऊन गेली. तिचा कॉम्प्युटर अजून कुणाला दिलेला नाही, असं सांगत होती.

खोकला परत आला आहे. थंडीचे दिवस आहेत.

जिना चढताना ती मध्ये एकदा बसते. पूर्वी बसत नव्हती. किरणांनी फुप्फुसाला सूज येते, ती औषधाने उतरते, असं सांगितलं आहे. औषध चालू आहे. हे मी उगाच लिहिलं असं वाटतं, पण लिहिलेलं खोडत नाही.

गाठ लहान झाली आहे, हे मुख्य.

आपला,
दत्तप्रसाद


विश्रांतवाडी, पुणे १५
२० जानेवारी २००२

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

आज अण्णा असंच लिहितो. आता मान-अपमानाला वेळ उरलेला नाही.

नम्रता हॉस्पिटलात आहे. गाठीचा प्रश्न राहिला नाही. गाठ जवळजवळ गेली. फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि त्यात न्यूमोनिया झाला आहे. नाकात सतत ऑक्सिजन आहे. मी डॉक्टरांना विचारलं, गाठ गेली तर मग हे कसं? त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. किरण गाठीपर्यंत पोचायला मध्ये जे जे लागतं त्यातूनच जातात. कुणाला सोसतं, कुणाला सोसत नाही. कुणाचं चुकलं असं मला त्यात सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात रझियाभाभी तपासणीला आल्या होत्या, तिला बघायला वर आल्या. बोलता बोलता त्यांच्या नात्यातली कुणी गेल्याचं निघालं. त्या म्हणाल्या, “आमच्यात लग्न झालेली बाई गेली तर कफन माहेराहून येतं. सासरच्यांकडे कितीही असो, कापड माहेरचंच.” बोलून गेल्या आणि मग जीभ चावली. “मरू दे, मी पण कुठे काय बोलते!”

नम्रता म्हणाली, “आमच्यातही साडी येते.”

भाभी गेल्यावर ती मला म्हणाली, “माझी यायची नाही. नाही आली तर कुणाकडे मागू नका. आईंना आपल्या घरातली घालू देत. फक्त बायका विचारतील तेव्हा अण्णांना नावं ठेवू देऊ नका.”

तिने मला मागू नका सांगितलं आहे. तरी मी मागतो.

आमच्या लग्नानंतर आपण तिच्या नावाने आंघोळ केलीत, हे तिला आपली चुलत बहीण सरूआत्या यांच्याकडून तेव्हाच कळलं होतं. त्या इथे हडपसरला मुलाकडे असतात, अधूनमधून येतात. आंघोळीचं ऐकून नम्रता त्या रात्री जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “थंड पाण्याने केली असेल. त्यांना गार पाणी सोसत नाही, खोकला होतो.”

तुम्ही येऊ नका, तिच्याशी बोलू नका. पण एक साडी पाठवा. सुती चालेल. घरातली जुनी, तिच्या आईची असली तरी चालेल. ती जिवंत असताना पोचली तर तिला दाखवता येईल. ती वाचली तर नेसेल, त्यासारखं दुसरं काय.

दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, तिथे दिवसभर कुणीतरी असतं. मालनबाई निकते, शनिवार पेठ, पुणे ३०.

तुमचा,
दत्तप्रसाद


विश्रांतवाडी, पुणे १५
२४ फेब्रुवारी २००२

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

नम्रता गेली. सात तारखेला, सकाळी. मी जवळ होतो. त्याच दिवशी योगेशदादांना फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे हे आपल्याला माहीत आहे. आंघोळ आपण पूर्वी केलेलीच आहे. आता पुन्हा करायची का, ते आपण ठरवा.

जानेवारीच्या पत्राची पोच आली होती. साडी आली नाही. त्याबद्दल मी भांडत नाही. मला जे सांगायचं आहे ते या पुढचं आहे, आणि ते सरूआत्या पुसदला पोचण्याआधी आपल्या हातात पडायला हवं. त्या पुतण्याच्या लग्नाला पुढच्या आठवड्यात येणार आहेत. म्हणून सगळं नीट लिहितो.

आपली वाट पाहून झाल्यावर मी लक्ष्मी रस्त्यावर गेलो. साडी आणायची तर ती पुण्याची दिसून चालणार नव्हती. इथली इरकल किंवा पैठणी कुणीही ओळखली असती. तुमच्याकडे लग्नकार्यात करवतकाठी नेसतात, काठावर करवतीचे दात विणलेले असतात ती, हे नम्रता सांगायची. तीन-चार दुकानांत नव्हतीच. एका ठिकाणी गादीवरचे म्हणाले, “नागपूरची साडी पुण्यात मागता. उद्या संत्री सांगलीला मागाल.” पण नोकराला वर पाठवून त्यांनी दोन काढून दाखवल्या. एक पांढरट होती, ती सवाष्णीला चालली नसती. दुसरी कैरीसारखी हिरवी, तांबड्या काठाची.

“कुणासाठी?”

“घरात आजारी आहेत, त्यांच्यासाठी.”

“मग रेशीम कशाला? टोचेल. सुती दाखवतो.”

मी म्हटलं, “त्यांना नेसायची नाहीये.”

मग त्यांनी साडीची घडी स्वतः घातली आणि दुकानाच्या नावाची पिशवी न देता साध्या कागदात बांधून दिली. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं असावं.

नम्रता हॉस्टेलला असताना आपण तिला लाडू पाठवायचात. पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळून, स्वतः दाभणाने शिवून. ते वेडेवाकडे लांब टाके तिने मला किती वेळा वर्णन करून सांगितले आहेत. हॉस्टेलच्या मुली पार्सल उसवायला भांडायच्या, कारण एक धागा ओढला की सगळं एकदम सुटायचं. तिची आई गेल्यावर हे काम आपणच करायचात, म्हणून ती कुणाला हसू द्यायची नाही.

मी तसंच केलं. आईच्या दुकानातून मांजरपाट घेतला. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता टाइप करून चिकटवला, कारण आपलं अक्षर मला जमलं नसतं. पोस्टाचा शिक्का नव्हता, तेव्हा पुसदचा कुणी माणूस दुकानात देऊन गेला असं सांगायचं ठरवलं. मग शिवायला बसलो. टाके मुद्दाम लांब आणि वाकडे घालायचे होते. पण मी सातव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून शिवलेलं आहे. पुढे कारखान्यात लागलो तरी हात तोच. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा वाटलं की आता पुरेसं वाईट झालं आहे.

हॉस्पिटलात पार्सल तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, “पुसदहून आलंय.” ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने दोन्ही हात पार्सलवर ठेवले. उघडण्याची घाई केली नाही. शिवणीवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टाके सगळे एका मापाचे होते. मला ते तेव्हा, तिच्या बोटाखाली दिसले. घरी दिसले नव्हते.

तिने मास्क बाजूला केला. म्हणाली, “अण्णांचा हात सुधारला.”

मी खाली बघत होतो. तेवढ्यात औषध द्यायला सिस्टर हेमा आल्या. त्यांनी विचारलं, “अरे वा, काय आलंय? कुणी पाठवलं?”

नम्रता म्हणाली, “माझ्या वडिलांनी. पुसदहून.”

हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग सिस्टरांकडून कात्री मागून घेतली. उसवायला वेळ लागला. धागा ओढून सुटण्यासारखा नव्हताच. साडी उलगडून काठ हातावर घेतला आणि सिस्टरांना समजावत बसली, हे करवतीचे दात कसे विणतात, आमच्याकडे कधी नेसतात. इतकं ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. सिस्टर शेवटी ओरडल्या, “मास्क लावा आधी, मग माहेरचं कौतुक.”

त्या दिवसापासून जो कुणी आला त्याला तिने ती साडी दाखवली. रझियाभाभींना दाखवली. भाभी म्हणाल्या, “बघ, मी म्हटलं नव्हतं? बाप आहे, दगड थोडाच आहे.” नम्रता म्हणाली, “हो ना.” माझ्या आईला दाखवली. आईने घडी हातात घेतली, मांजरपाटाचा तुकडा बघितला. तो तिच्याच ताग्यातला होता. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. “छान पाठवली हो व्याह्यांनी,” एवढं म्हणून साडी परत उशाशी ठेवली.

आणि सरूआत्यांना दाखवली. सरूआत्या तिथेच रडायला लागल्या. “शेवटी बाप तो बाप, जावईबापू. हिंमतरावभाऊनं करवतकाठी धाडली पोरीले. मी का म्हणत होती? वरून फणस हाये माणूस.” नम्रता त्यांना म्हणाली, “आत्या, अण्णांना वाटलं असेल यावंसं. गुडघे दुखतात त्यांचे.”

आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. ती मला फसवत होती की मी तिला, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटलं होतं की तिला कळलं तर ती कोसळेल. तिने ते खोटं माझ्या हातातून घेतलं आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं. तिला त्यातून समाधान मिळालं का, ते मी सांगू शकत नाही. रात्री कधी जाग आली तर ती छताकडे बघत असायची. साडी उशाशी असायची, पण हात साडीवर नसायचा.

शेवटचे दोन दिवस ती बोलली नाही. श्वास घेण्यातच सगळी शक्ती जात होती. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

घरी आणल्यावर शनिवार पेठेतल्या आमच्या ओळखीच्या बायकांनी विचारलंच, “माहेरचं कुणी आलंय का? साडी?” आईने करवतकाठी पुढे केली. म्हणाली, “कधीची येऊन पडली आहे.” तीच घातली. सरूआत्यांनी पदर सारखा केला, ओटी भरली. कुणी आपल्याला नावं ठेवली नाहीत. तिने सांगितलं होतं तसं झालं.

आता सरूआत्या पुसदला येतील. लग्नाच्या मांडवात, चार माणसांत, त्या तुम्हाला म्हणतील की पोरीची शेवटची पाठवणी तुम्ही चांगली केलीत. कदाचित पाया पडतील. त्या वेळी तुम्ही नाही म्हणू नका. मी अशी साडी पाठवलेली नाही, असं तुम्ही म्हणाल हे मला माहीत आहे, कारण तुम्ही खोटं बोलत नाही. नम्रता अभिमानाने सांगायची. शाळेत इन्स्पेक्टरसमोरसुद्धा बोलला नव्हतात म्हणे.

खोटं माझं आहे. पण सांगितलं तिने. सगळ्यांना, स्वतःच्या तोंडाने, दमून दमून सांगितलं. ती आता ते सांभाळायला इथे नाही. तिला खोटी पाडू नका. हो म्हणायला जड जात असेल तर गप्प राहा. गप्प राहणं आपल्याला जमतं.

कुणी विचारलं तर माहीत असावं म्हणून परत लिहितो. हिरवी, कैरीच्या रंगाची. काठ तांबडे, करवतीचे. अंगात बुट्टी नाही. पांढऱ्या मांजरपाटात शिवून, गावच्या माणसाबरोबर शनिवार पेठेतल्या दुकानावर पाठवली होती.

मी बरा आहे. कामावर जातो. मुद्दाम विचारलं जाणार नाही, पण पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं.

एक राहिलं. साडी दाखवली त्या संध्याकाळी मी निघताना तिने मला परत बोलावलं. मला वाटलं, आता खरं विचारेल. तिने एक निरोप दिला. इतके दिवस तो माझ्याकडेच राहिला, कारण कुणाला पोचवायचा ते मला कळत नव्हतं. ती म्हणाली, “अण्णांना पत्र टाका. साडी पोचली म्हणावं. आवडली.”

म्हणून कळवतो.

तुमचा,
दत्तप्रसाद